नानाजी वकील आणि कुत्र्याचा कान

नानाजी वकिलांचं घर आणि आमचं बिऱ्हाड यांच्यामध्ये मातीची एक भिंत होती. ती माझ्या खांद्याला लागायची. त्यामुळे त्यांच्या अंगणातलं मला सगळं दिसे, आणि दिसत असलेलं न बघण्याचा माझा स्वभाव नाही. आम्ही अमरावतीला अंबापेठेत राहत होतो. माझे मालक शाळेत मास्तर होते. मी तिवशाकडच्या एका खेड्यातली, कास्तकाराच्या घरची, चौथी शिकलेली, नुकती लग्न होऊन आलेली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. मोठे साहेब नागपूरला बसत आणि आम्हाला त्यांच्याशी काही घेणंदेणं नसे. आमचे साहेब म्हणजे नानाजी.

नानाजी उंच, अंगानं भरलेले. काळा कोट, लाल पगडी, हातात काठी. त्यांना घाई माहीत नव्हती. बडनेऱ्याहून गाडी पकडायची असली तरी टांगेवाला बाहेर ओरडतो आहे आणि हे आरशासमोर पगडीचा पेच नीट करत आहेत, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. टांगेवाला म्हणे, "नानाजी, गाडी जाईन जी!" हे आतून म्हणत, "गाडी गेली तं दुसरी येईन, बापा. पगडी सुटली तं सारं कोर्ट हासन."

त्यांची एक सवय गावभर प्रसिद्ध होती. त्यांचे पक्षकार बहुतेक खेड्यातले. तो शेतकरी माणूस आयुष्यात कधी कचेरीत गेलेला नसे. साक्ष द्यायची म्हटलं की त्याचे पाय गळत आणि पिंजऱ्यात उभा राहिला की बापाचं नावही विसरे. म्हणून नानाजी साक्षीच्या आदल्या दिवशी, कोर्ट उठल्यावर, त्याला रिकाम्या कचेरीत घेऊन जात. पिंजऱ्यात उभा करत. लाकडाला हात लाव म्हणत. जज्ज कुठं बसतो, शिपाई कुठून हाक मारतो, ते दाखवत. मग तिथल्याच पायरीवर बसून दोघं फुटाणे खात आणि घरी येत. दुसरे वकील टोमणे मारत, "नानाजी, साक्षीदार पढवून राहिले का?" नानाजी म्हणत, "काय बोलाचं ते मी सांगत नाही. कुठं उभं राहाचं तेवढं दाखवतो. माणूस जागेले भेते, सवालाले नाही भेत."

त्यांच्या घरी दुसरं माणूस म्हणजे माई, त्यांची बायको. मुदतीच्या तापात माईंचे दोन्ही कान गेले होते. मूल नव्हतं. माई बोलत फार मोठ्यानं, कारण आपला आवाज त्यांना ऐकू येत नसे. स्वयंपाकघरात बसून त्या भाजीत मीठ जास्त पडल्याचं नवऱ्याला सांगत, ते आम्हाला आमच्या चुलीजवळ कळे.

आणि एक कुत्रा होता. पिवळट, गावठी, लांब पायांचा. कोण्या पक्षकारानं पिल्लू असताना आणून दिलेला. नानाजींनी त्याचं नाव मुख्त्यार ठेवलं, कारण माईंच्या वतीनं सगळं ऐकायचं काम तो करी. दारात कोणी आलं, गवळी ओरडला, दूध उतू जायला लागलं, की मुख्त्यार उठून माईंच्या पदराला तोंडानं ओढ देई. माई त्याच्या मागं जात. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो आला नसता तर माई दिवसभर दाराकडे तोंड करून बसल्या असत्या. कान गेल्यावर पहिली काही वर्षं त्यांनी तेच केलं होतं, असं लोक सांगत.

पण कुत्रा भित्रा. छत्री उघडली की पळे, पितळी भांडं पडलं की खाटेखाली शिरे. परका माणूस वाकला की मागं सरके. मी म्हणायची, "हा काय राखण करन जी?" नानाजी म्हणत, "राखण कराले नाही ठेवला वं. खबर द्याले ठेवला."

दिवाळी झाली, गवत वाळलं. आमच्याकडं त्या दिवसांत रानात कुसळं होतात. गवताचं ते टोकदार कुसळ लुगड्यात अडकलं की मागं फिरत नाही, आतच जातं. तसलं एक कुसळ मुख्त्याराच्या कानात गेलं. तो डोकं झटकायला लागला. मग मान एका बाजूला वाकडी करून फिरू लागला. कानाजवळ हात नेला की गुरगुरे. लोक हसले, की बाईचे कान गेले, आता कुत्र्याचाही चालला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

माई घाबरल्या. "डॉक्टरला दाखवा, आजच दाखवा," असं त्या भिंती हलतील इतक्या मोठ्यानं म्हणत होत्या. आणि जन्मात कधी घाई न केलेल्या माणसानं त्या दिवशी घाई केली.

बाजाराचा दिवस होता. ढोरांचा दवाखाना गावाबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर. तिथं सलोतरी असे. गुरांच्या डॉक्टरला आम्ही सलोतरीच म्हणत असू. नानाजींनी भाड्याची बंद रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, आणली. कुत्रा चावेल म्हणून तोंड बांधायला काहीतरी हवं, तर त्यांनी दोरीवर वाळत असलेलं माईंचं जुनं लुगडं घेतलं, त्याची पट्टी फाडली, मागून जाऊन कुत्र्याचं तोंड आवळलं, आणि त्याला उचलून रेंगीत टाकलं. मी भिंतीवरून पाहत होते. तो ओरडूही शकत नव्हता.

तिथं काय झालं ते रेंगीवाल्यानं सांगितलं. बाजारामुळे आवार गुरांनी भरलेलं. एका बैलाला पाडून त्याच्या खुराला डाग देत होते, तो हंबरत होता. चामड्याचा जळका वास, फिनाईलचा वास. मुख्त्याराचं सगळं अंग लटलट कापत होतं. त्याला टेबलावर चढवला, चौघांनी धरला. सलोतऱ्यानं चिमटा कानाजवळ नेला, तशी पट्टी सुटली आणि त्यानं करीमभाईच्या, म्हणजे तिथल्या नोकराच्या, मनगटाला दात लावले आणि धूम ठोकली. घरी आला तो संध्याकाळ झाल्यावर. सलोतरी तरुण माणूस, पण शहाणा. त्यानं नानाजींना सांगितलं, "वकीलसाहेब, असा आणलात तर मला काही करता येणार नाही. आणि कुसळ नाही निघालं तर पू आत जाईल. मग कुत्रं जगायचं नाही."

पण खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी कळली. दारात गवळी ओरडत होता आणि मुख्त्यार माईंकडे गेला नाही. माईंनी हाक मारली, भाकरी दाखवली. तो अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्या जवळ गेल्या की तो लांब जाई. त्याचं तोंड आवळलं होतं त्या चिंधीला माईंचा वास होता. त्याच्या लेखी माईंनीच त्याला धरून दिला होता.

माईंना पट्टीचं कळलं तेव्हा त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझंच लुगडं सापडलं तुम्हाला?"

नानाजींनी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि बसून राहिले.

त्यानंतर त्यांनी कुत्र्याचं जे काम हाती घेतलं, ते मला आजही झोपेत दिसतं. मला स्वप्नं फारशी पडत नाहीत. पडलीच तर हीच. कापसाचे दिवस होते. गाड्या भरभरून सरकी काढायच्या जिनांकडं जात आणि सगळ्या गावावर रुईची लव तरंगत असे. झाडांवर, कौलांवर, माणसांच्या भुवयांवर ती पांढरी लव बसायची. उतरत्या उन्हात तीच सोनेरी दिसायची. त्या उन्हातून काळा कोट घातलेला एक मोठा माणूस आणि मान वाकडी केलेला एक कुत्रा असे दोघं हळूहळू चालले आहेत, कोणाचाच पाय वाजत नाही. एवढंच. पण जाग आली की थोडा वेळ मी कुठं आहे ते समजत नाही.

ते बडनेऱ्याच्या वाटेनंच जात. रेंगी नाही, पायी. शेतांच्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं, लांबचा फेरा घेत, म्हणजे कुत्र्याचं अंग चालून सैल व्हावं. बाजाराचा दिवस टाळत. गुरं परत गेली, सलोतरी जेवून सुस्तावला, अशा वेळी पोचत. कुत्र्याला त्याआधी खायला देत नसत. लोणी लावलेली भाकरी खिशात. पहिल्यांदा ते दवाखान्यापर्यंत गेलेच नाहीत. फाटक नुसतं दिसेल इतक्या अंतरावर कडूनिंबाखाली बसले, भाकरी दिली, परत आले. पुढं निंबापासून फाटकापर्यंत. मग फाटकाच्या आत. तिथून ओसरीवर. कुत्रा थबकला की हेही थबकत. ओढत नसत. तो मागं फिरला तर हेही मागं फिरत.

"नुसतं जाऊन येता जी?" मी एकदा भिंतीवरून विचारलं.

"जागा दाखवून राहिलो."

"कुत्र्याले काय समजते?"

"तुले समजते तेवढं समजते," नानाजी म्हणाले. मी चिडले. त्यांना ते कळलं असावं, कारण मग ते भिंतीजवळ येऊन म्हणाले, "पाह्य माय, तिथं गेलं की दुखते, एवढंच त्याले ठाव आहे. तिथं जाऊन भाकर खाल्ली, वापस आलो, दुखलं नाही, असं काही बार झालं पाहिजे. मंग एक बार दुखलं तं तो आपल्याले माफ करन."

घरी अंगणात दुसरा अभ्यास चाले. ते कुत्र्याच्या बाजूला बसत, समोर नाही. आधी पाठीवर हात. मग मानेवर. पुढं कानाच्या नुसत्या कडेला, आणि लगेच हात मागं. कुत्रा जिभेनं ओठ चाटायला लागला किंवा तोंड फिरवलं, की नानाजी थांबत. म्हणत, "तो नाही म्हणाच्या आंधी आपण हात काढाचा. त्याले गुरगुराची पाळी येऊ द्याची नाही." चिमट्याच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून ते त्याच्याजवळ बसून अडकित्ता उघडझाप करत आणि भाकरीचा तुकडा टाकत. दवाखान्यातून फिनाईलचा बोळा मागून आणला होता, तो त्याच्या खाण्याच्या ताटलीशेजारी ठेवत. तोंडाला बांधायला मोच्याकडून नव्या चामड्याची सैल जाळी करून घेतली. ती त्याच्या तोंडावर चढवली नाही. जाळीच्या आत लोणी लावून समोर धरली. कुत्र्यानं आपणच तोंड घातलं.

आणि सगळा वेळ ते त्याच्याशी बोलत. "भिऊ नको" असं नाही. ते म्हणत, अशा वेळी आपला आवाज चिरका होतो आणि कुत्र्याला वाटतं, ह्यालाच भीती वाटून राहिली. ते त्याला शेतांच्या चतुःसीमा म्हणून दाखवत. दाव्यात जमिनीच्या चारी बाजू लिहितात, त्या. वकिलाला त्या पाठच असतात. जड, सावकाश आवाजात ते म्हणत, "पूर्वेस नाला. पश्चिमेस गावठाणाची वाट. उत्तरेस बाभूळबन. दक्षिणेस वादीचे चुलत भावाचे शेत." कुत्र्याचे डोळे मिटू लागत. खोटं कशाला सांगू, भिंतीच्या अलीकडं तांदूळ निवडता निवडता माझेही मिटत. कोणाची शेतं ती, कोणाचा नाला, काही माहीत नाही. पण त्या आवाजात ती सगळी रानं दुपारच्या उन्हात पसरलेली दिसत, आणि त्यांत कोणी भांडत नसे.

लोकांची चंगळ झाली. नानाजींचे पक्षकार त्यांना शोधत दवाखान्याच्या ओसरीवर जाऊ लागले. बैलांच्या रांगेत बसून नानाजी फेरफाराचा सल्ला देत. करीमभाई पट्टी बांधलेला हात दाखवून म्हणे, "वकीलसाब, दूसरा हाथ खाने को लाये क्या?" नानाजी त्याच्याच हातात भाकरी देत आणि म्हणत, "दे त्याले. त्याच्याकडं पाहू नको, नुसता टाक." करीमभाई आकाशाकडं बघत भाकरी टाकी. काही दिवसांनी मुख्त्यार त्याच्या पायाशी बसायला लागला.

हे सगळं खरं, पण कान चिघळत होता. सलोतऱ्यानं थेंब दिले होते. कुत्रा कानाच्या कडेला हात लावू देत होता म्हणून ते तरी आत जात होते. तरी पू येत होता, वास मारत होता, कुत्रा सुकला होता. माई रोज विचारत, "कधी काढणार?" नानाजी हात उघडून दाखवत, म्हणजे थांबा. शेवटी मीच बोलले. भिंतीशी जाऊन म्हणाले, "नानाजी, तुमची तयारी होईन तवरी कुत्रं मरन."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. एवढा मोठा माणूस, पण काठी हातातून सुटली. खाली वाकून ती उचलायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, "मरू शकते. मले ठाव आहे. पण घाईनं नेलं तं टेबलावर मरन, नाही तं जगन आन् कोणाजवळच जाणार नाही. एक बार घाई केली मी. पाह्यलं ना तू?"

मी बोलले होते ते खोटं नव्हतं आणि ते बोलले तेही खोटं नव्हतं.

त्यानंतर लवकरच सलोतऱ्यानं निरोप धाडला, की आता थांबता येणार नाही. ते गेले तेव्हा माझे मालक सोबत होते, त्यांनी जे सांगितलं ते असं. कुत्रा आपल्या पायानं ओसरी चढला. टेबल नकोच, असं नानाजी म्हणाले. सलोतऱ्यानं वाद घातला नाही. तो पँट सांभाळत जमिनीवर मांडी घालून बसला. नानाजींनी रोजचं पोतं अंथरलं. मुख्त्यार त्यावर बसला आणि जाळीत आपण होऊन तोंड घातलं. करीमभाई दाराशी उभा राहिला, आकाशाकडं बघत. नानाजींनी चतुःसीमा सुरू केल्या. चिमटा कानाशी आला तेव्हा कुत्र्यानं ओठ चाटले. नानाजींनी हात वर केला. सलोतऱ्यानं चिमटा मागं घेतला. खूप वेळ कोणी हललं नाही. मग कुत्र्यानं लांब श्वास सोडला आणि डोकं नानाजींच्या मांडीवर टाकलं. "आता," नानाजी म्हणाले, आणि त्याच आवाजात पुढं, "उत्तरेस बाभूळबन."

कुत्रा एकदा विव्हळला, पण पळाला नाही. कुसळ निघालं. काळं झालेलं, रक्तापुवानं माखलेलं. सलोतरी म्हणाला, "वकीलसाहेब, माझ्या हाताखाली असं शांत कुत्रं नाही आलं." नानाजी म्हणाले, "तुम्ही थांबले म्हणून." मास्तर सांगत होते, नानाजींचा कोट पाठीवर घामानं ओला झाला होता आणि दिवस थंडीचे होते.

कान भरून आला. कुत्रा जगला. पण माईंकडे तो गेला नाही.

मला वाटलं होतं, आता सगळं आपोआप नीट होईल. तसं होत नसतं. दवाखान्याला तो आता इतका सरावला होता की फाटक दिसलं की शेपूट हलवी. पण घरात माईंचं लुगडं जवळून गेलं की अंग चोरी. माई पुन्हा दाराकडं तोंड करून बसायला लागल्या. एकदा मी लोणच्याची बरणी द्यायला गेले तर त्या मला म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "मी बांधलं नाही गं त्याला. त्याला कोण सांगणार?"

मग नानाजींनी माईंनाही बरोबर न्यायला सुरुवात केली. माई वर्षानुवर्षं घराबाहेर पडलेल्या नव्हत्या. रस्त्यात मागून गाडी आली तर कळणार नाही, या भीतीनं त्या नानाजींच्या कोटाची बाही धरून चालत. लोक वळून बघत. निंबाखाली नानाजी त्यांना कुत्र्याकडं पाठ करून बसवत, बऱ्याच लांब. वळून बघायचं नाही, हाक मारायची नाही. माई कुरकुरत, "मला ऐकू येत नाही, आता बघूही नको? मग मी इथं बसून करू काय?" नानाजी खाली हात दाखवत, की बसा. माई बसत. रोज त्यांची जागा थोडी अलीकडं येई.

त्यातच माझ्या मालकांची अकोल्याला बदली झाली. नानाजींनी निरोपाला काही लांबण लावली नाही. "अकोल्यातले लोक घाईचे आहेत, सांभाळून राहाजा," एवढंच म्हणाले. आम्ही दुपारी सामान छकड्यात घालून बडनेऱ्याच्या वाटेला लागलो. हवेत रुई तरंगत होती. पुढच्या कापसाच्या गाड्यांमुळे छकडा रांगत होता, आणि निंब आला.

नानाजी झाडाच्या एका बाजूला पोत्यावर बसले होते. माई पलीकडं, त्यांच्याकडं पाठ करून, पदर डोक्यावरून घेऊन, शेतांकडं बघत. मधल्या जागेत मुख्त्यार उभा होता. मी पाहत होते तोवर तो चालायला लागला. थांबला, मागं वळून नानाजींकडं पाहिलं. नानाजी हलले नाहीत. मग तो माईंच्या पाठीमागं गेला, त्यांच्या लुगड्याचा घोळ जमिनीवर पसरला होता तो खूप वेळ हुंगला, आणि त्यावर हनुवटी टेकून आडवा झाला.

माईंना काही कळलं नव्हतं. त्या तशाच समोर बघत होत्या.

मी छकड्यातून अर्धी उठले आणि माईंना हाक मारायला तोंड उघडलं. नानाजींनी मला पाहिलं. त्यांनी ओठावर बोट ठेवलं नाही, कारण त्या बाईला ऐकू येणारच नव्हतं. त्यांनी फक्त हात थोडा उचलला आणि छकडेवाल्याला पुढं जायची खूण केली, सावकाश.